न मोडलेल्या पाटल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे, आणि उरलेलं अर्धं त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या आईला नाही, बहिणीला नाही, मुलांना तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्यासाठी लिहून काढता येईल — बघते.

मी कामं उरकणारी बाई आहे. फ्रिजवर यादी, गल्ल्याच्या वर यादी, पर्समध्ये यादी. माझा मुलगा म्हणतो, अम्मी मरतानाही यादी करून जाईल — कफन, कापूर, अत्तर, आणि पुढं बरोबरची खूण. घरात सगळे हसतात. मीही हसते. कुणाचं काम अडलं की मला बोलावतात, आणि मी ते करून देते. हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं तेही मी असंच, नीट, करून दिलं.

कोरेगावात आमचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे पुढं दुकान आणि मागं पत्र्याची शेड. सासरे — आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो — तरुणपणी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. औंधच्या यात्रेआधी तिकडच्या गावांत त्यांचा मुक्काम पडायचा. लोक पाहुण्यांसाठी जुन्या गाद्या उसवून पुन्हा भरून घ्यायचे. पुढं दुकान झालं. आमच्या भागात उसाचं बिल आलं की लग्नं निघतात आणि लग्नं निघाली की गाद्या लागतात. मिलिटरीतला जावई असेल तर त्याची सुट्टी सुरू व्हायच्या आत पलंग-गादी पोचली पाहिजे. असा धंदा. वाईट नाही.

पण पिंजायचं मशीन आमच्याकडं नव्हतं. कापूस टेम्पोत घालून साताऱ्याला पाठवायचा, पिंजून परत आणायचा. ऐन लग्नसराईत तिथं रांग. गिऱ्हाईक फोमच्या तयार गादीकडं वळायचं. मी हिशेब मांडला — स्वतःचं मशीन आणि शेजारचा रिकामा गाळा, एवढं जमलं तर आम्ही टिकू. नाहीतर आणखी काही वर्षांनी अब्बांच्या हातातली दाभण तेवढी उरेल.

पैसा कुठून आणायचा? सरकारी योजनेच्या कागदांसाठी मी इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला चहा विचारायला लागला. पतसंस्थेला दोन जामीनदार हवे होते. आमच्या नात्यात जामीन राहायचं म्हटलं की माणसाला अचानक दुसऱ्या गावी काम निघतं. भावाचं घर बांधायला काढलेलं. आणि या सगळ्याच्या आधी अब्बा. नात्यातल्या कितीतरी जणांनी बँकेचं कर्ज घेतलं आहे, कुणी त्यांना काही म्हणत नाही. अब्बांचं मात्र ब्याजाशी हाडवैर. "ब्याजाच्या पैशाची गादी शिवली तर झोपणाऱ्याला झोप लागंल का?" असं म्हणायचे. हळू बोलायचे, पण त्यापुढं घरात कुणी बोलायचं नाही.

माझ्याकडं सोनं होतं. दोन पाटल्या, एक हार, झुमके. पाटल्या माझ्या आईनं केलेल्या. ती वाईच्या बाजारात काचेच्या बांगड्या भरायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात काच चढवली आणि माझ्यासाठी सोनं केलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सोनं विकलं असतं तर मशीन आलं असतं, गाळाही आला असता. ब्याज नाही, खोटं नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी हिशेबाची बाई — मला कसं दिसणार नाही?

मी विकलं नाही. साताऱ्याला एका बँकेत जाऊन सोनेतारण कर्ज काढलं. दुपारी गेले, संध्याकाळच्या गाडीच्या आत काम झालं. पारख करणाऱ्यानं पाटल्या दगडावर घासल्या, वजन केलं, सगळं एका कापडी पिशवीत घालून वर लाखेची मोहोर लावली. पैसे खात्यात. कर्ज फिटलं की सोनं परत. नवऱ्याला — इक्बाल त्यांचं नाव — मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "अब्बांना कळलं तर?" मी म्हटलं, "नाही कळणार." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

घरी आले तेव्हा अब्बा दुकानाच्या पायरीवर गादीला टाके घालत बसले होते. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी माझे हात बघितले. मग गळा बघितला. गळ्यात नुसती काळी पोत.

"मोडलंस, बेटा?"

मी मान हलवली.

तेवढंच. तोंडानं मी एक शब्द बोलले नाही. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते — मी काही बोललेच नाही, त्यांनीच विचारलं, त्यांनीच समजून घेतलं. पण मान तर माझीच होती ना?

अब्बा रडले. दाभण गादीत तशीच टोचून ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला कापसाचा वास होता. मला आत काही व्हायला हवं होतं. झालं नाही. रात्रीच्या भाजीला काय आहे, एवढंच डोक्यात आलं.

पुढच्या जुम्म्याला मशिदीबाहेर त्यांनी चार माणसांना सांगितलं. त्या चारांनी घरी सांगितलं. लग्नाकार्यात बायका माझा मोकळा गळा बघून मला पुढं बसवायला लागल्या. कुणाची आजी आपल्या नातसुनेला म्हणाली, "बघ, अशी पाहिजे." आणि मला — हे लिहायला मी बराच वेळ थांबले — मला ते आवडलं. सोनं बँकेत सुरक्षित आणि नाव गावात. दोन्ही माझ्याकडं. असं कुणाला मिळतं?

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

शकील हा अब्बांच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे इक्बालचा आतेभाऊ. सांगलीत विश्रामबागला त्याचं गाद्यांचं छोटं दुकान होतं. तिकडं कॉलेजं पुष्कळ. जूनमध्ये पोरं यायची, खोल्या घ्यायची, एकेक गादी न्यायची. शकील हसरा माणूस. त्याची बायको नसरीन त्याच्याहून हसरी. ती म्हणायची, "भाभी, दुसऱ्यांना झोपवायचा धंदा आमचा, आन आमालाच झोप न्हाई." आम्ही आपसात दखनी मिसळून बोलतो, पण इथं मी सगळं मराठीतच मांडते आहे.

त्या वर्षी शकीलला एका मोठ्या वसतिगृहाचं काम मिळायच्या बेतात होतं. सगळ्या खोल्यांच्या गाद्या. त्यासाठी त्यालाही पिंजायचं मशीन हवं होतं. त्यानं बँकेत अर्ज केला, आणि आमच्यासारखं त्याचं अडलं नाही — मंजूर झाला. सही तेवढी राहिली होती.

त्याच सुमारास त्याच्या धाकट्या मुलीचा अकिका, म्हणजे जावळाचा कार्यक्रम होता. आम्ही सगळे सांगलीला गेलो. जेवणं चालली होती. मी वाढत होते — मी कुठंही गेले तरी वाढायला मीच असते. शकीलनं मोठ्या आनंदानं मशीनची गोष्ट काढली, बँकेचीही. अब्बांचा घास हातातच राहिला.

"गड्या, तू बी ब्याजात गेलास?"

"मामू, दुकान वाढवायचं तर पैसा लागतो."

"आमाला न्हाई लागला? आमच्या सुनंनं अंगावरचं उतरवलं, पर ब्याजाला शिवली न्हाई. बाईमाणूस हाय ती. आन तू चांगला दाढीमिशीचा बाप्या."

शकील हसला. "मामू, भाभींचं सोनं शेरानं हाय. आमच्या नसरीनचं गुंजेनं. तिच्या बांगड्या मोडल्या तर मशीनचा पट्टा येईल."

सगळे हसले. नसरीनही हसली, पण तिनं पदराखाली हात घेतला. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणते याची वाट बघत होते. माझ्या हातात रायत्याचं भांडं होतं.

मी विचारलं, "रायता कुणाला हवाय?"

त्या वेळी मी अब्बांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. चार माणसांत नको, घरी येऊन सांगू शकले असते. रेल्वेनं परत येताना सगळा वेळ ते माझ्या समोरच्या बाकावर बसले होते, खिडकीबाहेर बघत. मी पुढच्या आठवड्याच्या कामांचा विचार करत होते. खरंच तोच करत होते. मन खात होतं वगैरे काही नाही — तसं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

अब्बांनी शकीलला नंतर फोन केले. रागावून नाही, प्रेमानं. मोठा मामा, त्यात बाप नसलेला भाचा. शकीलनं बँकेला नको म्हणून कळवलं.

मग नसरीनचा मला फोन आला. ती म्हणाली, "भाभी, तुमी केलंत तर मीबी करीन. फक्त सांगा, कसं करायचं? मला सराफाची भीती वाटते, फसवतील."

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी? फोनवर आम्ही दोघीच होतो. अब्बा शेडमध्ये होते, मशीनचा आवाज चालू होता, कुणाला ऐकू गेलं नसतं. मी म्हणू शकले असते — नसरीन, माझं सोनं बँकेत आहे, तूही तारण ठेव, विकू नकोस, कुणाला सांगू नकोस. तिनं सांगितलं नसतं. माझं खोटं माझ्याकडंच राहिलं असतं आणि तिचं सोनं तिच्याकडं. एवढं सोपं होतं.

मी तिला काय सांगितलं माहीत आहे? तीन दुकानांत भाव विचार. खड्यांचं वजन वेगळं काढायला लाव. वजनकाटा स्वतः बघ. पावती घेतल्याशिवाय उठू नकोस. तिनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "भाभी, तुमीच या ना बरोबर." मी गेले.

सांगलीच्या सराफकट्ट्यावर आम्ही बसलो. नसरीनच्या अंगावर चार बांगड्या, कानातले आणि एक बारीक साखळी. साखळी निघाली, कानातले निघाले. बांगड्या निघेनात. बाळंतपणानंतर तिचे हात भरले होते. सराफ म्हणाला, "कापून काढू का, वहिनी?" ती घाबरली, नको म्हणाली. मग त्यानं पोऱ्याला सांगून पाणी आणि साबण मागवला.

साबण मी लावला. तिचा हात माझ्या मांडीवर घेतला, मनगटापासून बोटांपर्यंत फेस केला, अंगठा आत दुमडायला लावला आणि एकेक बांगडी ओढून काढली. मला ते चांगलं जमतं. बांगड्या भरणारीची पोर मी — उतरवणंही येतं. तिचे डोळे भरले होते, हात दुखत होता की दुसरं काही, मी विचारलं नाही. शेवटची बांगडी निघाल्यावर ती म्हणाली, "भाभी, तुमाला रडू आलं होतं का ओ?"

मी म्हटलं, "नाही. एकदा उतरवलं की हलकं वाटतं."

हे मी म्हटलं. ज्या बाईनं अंगावरचं काही विकलंच नव्हतं, तिनं. बाकी सगळं कदाचित भित्रेपणात घालता येईल — मान हलवली, गप्प राहिले, रायता विचारला. पण हे वाक्य मी स्वतः बनवलं. कुणी मागितलं नव्हतं. ती एका साध्या उत्तरावर थांबली असती, मी तिला वर धीर दिला.

मग मी सराफाच्या काट्याकडं लक्ष ठेवलं. भाव चांगला मिळाला. ती माझ्या गळ्यात पडली.

शकील चेष्टेत बोलला होता, ते फार खोटं नव्हतं. त्या पैशात नवं मशीन येत नव्हतं. त्यांनी जुनं घेतलं, इचलकरंजीकडून कुणाचं तरी. कापूस उधारीवर उचलला. वसतिगृहाचं काम मिळालं, अर्धं झालं, आणि ऐन जूनमध्ये मशीनची मोटर जळाली. दुरुस्तीला हातात काही नाही, अडीनडीला ठेवायला अंगावर काही नाही. वसतिगृहानं उरलेल्या गाद्या फोमच्या घेतल्या. कापूसवाला दारात. दिवाळीपर्यंत दुकान दुसऱ्याला दिलं.

अर्ज मंजूर होता त्याचा. नवं मशीन, सोबत दुरुस्तीची हमी, हप्ता बांधून दिलेला. मी ते कागद नंतर त्याच्या घरी बघितले. चांगली योजना होती. तरीही बुडाला असता का? असेल. मला ते कधीच कळणार नाही, आणि त्या आडोशाला मी उभी राहत नाही.

शकीलनं कुणाला दोष दिला नाही. एकदाच, ईदला, अब्बांची गळाभेट घेताना हसत म्हणाला, "मामू, ब्याज वाचलं, मुद्दल गेलं." त्या दिवसापासून अब्बांनी माझ्या सोन्याची गोष्ट सांगणं बंद केलं. शकील शिरवळला एका कंपनीत कंत्राटावर लागला, तिथंच चौघांत खोली करून राहतो, रविवारी घरी येतो. नसरीन मिरजेला आईकडं राहते आणि आमच्या उशांची, लोडांची कव्हरं शिवते. मी तिला शिलाई वेळेवर देते. ती सगळ्यांना सांगते, भाभी आहेत म्हणून आमचं चाललं आहे.

आमचं मशीन चांगलं चाललं. कर्ज फिटलं, लाखेची पिशवी परत मिळाली. मी ती उघडली नाही, तशीच लॉकरमध्ये ठेवली.

अब्बा गेले ते आजारपणात. शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला केला आणि विचारलं, "बेटा, शकीलला मी चुकीचं सांगितलं का गं?"

तो माणूस माझं ओझं घेऊन निघाला होता. मला ते दिसत होतं, तुम्हाला आत्ता दिसतंय तितकंच स्पष्ट. माझ्या हातात चमचा होता.

मी म्हटलं, "नाही अब्बा. त्याचं नशीब." आणि पेज भरवली.

या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं. सुनेच्या अंगावर घालायला सोनं हवं होतं, म्हणून मी लॉकर उघडला. पाटल्या जशाच्या तशा वापरल्या असत्या तर नात्यातल्या बायकांनी लगेच ओळखल्या असत्या; माझ्या लग्नात त्यांची फार चर्चा झाली होती. म्हणून पुण्याला, जिथं आम्हाला कुणी ओळखत नाही अशा सोनाराकडं गेले आणि सगळं आटवून नव्या घडणीचे दागिने करून घेतले. सोनार म्हणाला, "जुनी घडण सुंदर आहे हो, मोडवत नाही." मी म्हटलं, "मोडा."

लग्नाच्या दिवशी नसरीन पहाटेपासून आमच्याकडं राबत होती. नवरीच्या पलंगाची गादी, उशा, लोड, सगळ्यांची कव्हरं तिनंच शिवली होती आणि त्यांची शिलाई घ्यायला तयार नव्हती. दुपारी सून खोलीत आली, तेव्हा नसरीननं तिचा हात हातात घेतला, बांगड्या फिरवून फिरवून बघितल्या. तिच्या स्वतःच्या हातात काचेच्या होत्या.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाभी, तुमी सगळं मोडलं होतं, आन बघा, परत उभं केलंत. मी शकीलला कवापासून म्हणते, भाभींचं झालं तर आपलंबी हुईल."

मी म्हटलं, "होईल की."

आणि जेवणाचं बघायला खाली गेले. त्या दिवसानंतरही ती दर आठवड्याला मिरजेहून कव्हरं घेऊन येते, चहा पिते, जाते. मी तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही.